परदेशात गेल्यावर बोलण्याचा हेल बदलतो तेव्हा: खान्देशातल्या मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून शिकायला किंवा नोकरीला बाहेर पडणारी मुलं-मुली आणि त्यांच्या घरची माणसं मला जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. मी अमळनेरकडची. घरात अहिराणी, शाळेत मराठी, आणि आता बरीच वर्षं इंग्लंडात नोकरी. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत. प्रश्नच तसे आहेत.

तिकडे टिकायचं तर अॅक्सेंट बदलावाच लागतो का?

नाही. समोरच्याला आपलं बोलणं समजावं, एवढं मात्र लागतं. या दोन गोष्टी आपण एकच धरतो, तिथून गोंधळ सुरू होतो. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या कॅनडातल्या अभ्यासकांनी १९९५ साली नेमकं हेच तपासलं. मँडरिन ही मातृभाषा असलेल्यांचं इंग्रजी त्यांनी इंग्रजी मातृभाषा असलेल्या श्रोत्यांना ऐकवलं आणि ऐकलेलं लिहून काढायला सांगितलं. ज्यांचा हेल श्रोत्यांनी 'फार जड' ठरवला, त्यांतल्या कितीतरी जणांचं बोलणं त्याच श्रोत्यांनी शब्दन् शब्द बरोबर लिहिलं होतं.

माझं मत याच्यावरच उभं आहे. जो उच्चार समजण्याच्या आड येतो, त्यावर मेहनत घ्या. ज्या उच्चारावरून तुम्ही कुठले एवढंच कळतं, त्याला हात लावायची गरज नाही. पुढची बहुतेक उत्तरं या दोहोंतला फरक कसा ओळखायचा याबद्दलच आहेत.

मी धुळ्याची. पुण्याला कॉलेजात आले तेव्हाच बोलणं बदललं होतं. आता परत तेच करायचं?

हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या मुलांना पडत नाही, आपल्याला पडतो. आपला पहिला परदेश पुणे. घरी 'कथा जाई राहिना?' आणि बाईंसमोर 'कुठे चालला आहेस?' हे आपण पाचवी-सहावीतच शिकलेलो असतो. मग हॉस्टेलवर कुणीतरी आपल्या 'धुये'ची नक्कल करतं आणि पुढच्या आठवड्यात जिभेवर ळ पक्का बसतो. डोयाचा डोळा होतो, पानीचं पाणी होतं, 'माले' जाऊन 'मला' येतं. कुणी शिकवणी लावत नाही. कान उघडे असतात आणि मनात भीती असते, तेवढ्यावर भागतं.

म्हणजे उच्चार बदलण्याची हातोटी आपल्याकडे आधीपासून आहे. लंडनला किंवा टोरांटोला पोचल्यावर ती पुन्हा कामाला येते, आणि मी पाहिलं आहे की एकाच बोलीत वाढलेल्यांपेक्षा आपली मुलं नवे आवाज लवकर पकडतात. गडबड एवढीच, की पुण्यात ती हातोटी लाजेबरोबर आली. शुद्ध बोलायला शिकलो, ते घरचं बोलणं अशुद्ध मानून.

या मानण्याला भाषाशास्त्रात काही आधार नाही. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-पाहणीच्या १९०७ च्या खंडात खानदेशीला (आपली अहिराणी तिच्यातच येते) स्वतंत्र जागा आहे. २०११ च्या जनगणनेतही खानदेशी मराठीपासून वेगळी मोजली गेली, आणि ती मातृभाषा सांगणारे साडेअठरा लाखांवर होते. स्वतः लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणाबाई चौधरींनी खान्देशातल्याच लेवा बोलीत गाणी रचली आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्याच विद्यापीठातून कॅम्पस मुलाखतीला जाणारा पोरगा तोंडातून 'माले' निसटेल म्हणून घाम पुसत असतो!

तर उत्तर असं: हो, थोडंफार तेच करायचं आहे. पण या वेळी घरचं बोलणं चुकीचं आहे असं समजून करू नका. इंग्रजीतला उच्चार सुधारला म्हणून अहिराणीतलं काही कमी होत नाही.

मग नेमकं काय सुधारायचं? यादी द्या.

यादी छोटी आहे, पण प्रत्येक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते.

सगळ्यात आधी पी, टी आणि के. आपल्याकडे प-फ, ट-ठ, क-ख हे वेगवेगळे आवाज आहेत आणि इंग्रजी पी दिसला की आपण सरळ प म्हणतो. इंग्रज माणूस मात्र शब्दाच्या सुरुवातीचा पी, टी, के हवेचा झोत सोडून बोलतो. तो झोत ऐकू आला नाही की त्याचा कान फसतो. तुम्ही 'कोट' म्हणता, त्याला 'गोट' ऐकू येतं. 'टाऊन'चं 'डाऊन' होतं, 'पिन'चं 'बिन'. उपाय आपल्याच बाराखडीत आहे. 'कोट' म्हणताना 'खोट'च्या अर्ध्या वाटेवर या. तोंडासमोर पातळ कागद धरा, तो हलला पाहिजे. मात्र आधी एस आला, म्हणजे 'स्पिन', 'स्टॉप', 'स्कूल' असं असलं, की झोत नको. तिथे आपला साधा प, ट, क अगदी बरोबर आहे. फ्रेंच माणसाला हे शिकताना घाम फुटतो. आपल्या तोंडात ख आणि ठ आधीच आहेत, फक्त योग्य जागी वापरायचे आहेत.

दुसरं, व्ही आणि डब्ल्यू. आपला व एकच, आणि तो या दोघांच्या मधला. त्यामुळे पश्चिम दिशा आणि बनियन, दोन्ही 'वेस्ट'. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकवा आणि आवाज घुमू द्या. डब्ल्यूला दात लांब ठेवा, ओठ शिट्टी मारताना करतो तसे गोल करा. आपण लिहिताना व्हीसाठी 'व्ह' लिहितो, म्हणून कित्येक जण बोलतानाही त्यात ह घालतात. तो ह इंग्रजीत कुठेच नाही.

तिसरं, जोर. माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि क्लासवाले सगळ्यात कमी शिकवतात ते हेच. आपण बोलताना प्रत्येक अक्षराला साधारण सारखं माप देतो. इंग्रजीत एक अक्षर ठोकतात आणि बाकीची अर्धवट गिळतात, आणि ऐकणारा शब्द त्या ठोक्यावरून ओळखतो. 'हॉटेल'मध्ये आपला जोर पहिल्या अक्षरावर, त्यांचा 'टेल'वर. 'डेव्हलप'मध्ये त्यांचा जोर मधल्या 'व्हे'वर. 'फोटोग्राफ' म्हणताना ते 'फो' ठोकतात आणि 'फोटोग्राफर' म्हणताना 'टॉ'. ठोका चुकला तर सगळे आवाज बरोबर असूनही समोरचा 'सॉरी?' म्हणतो.

आकड्यांत तर हे फार नडतं. माझ्या ओळखीच्या एका मुलीनं फोनवर डॉक्टरची वेळ घेतली. 'थर्टीन्थ', तिनं सांगितलं, दोन्ही भाग सारखे दाबून. पलीकडच्या बाईनं 'थर्टिएथ' लिहिलं. ही तेरा तारखेला ताप घेऊन दवाखान्यात उभी, आणि नाव तीस तारखेच्या यादीत. 'थर्टी'त जोर पहिल्या अक्षरावर असतो, 'थर्टीन'मध्ये 'टीन'वर, आणि तो 'टीन' लांबवायचा. तरी शंका राहिली तर 'वन-थ्री' असं फोडून सांगावं. तिकडची माणसंही तसंच करतात, त्यात कमीपणा काही नाही.

चौथं, ऱ्हस्व आणि दीर्घ. आपल्याकडे हा फरक शाळेच्या वहीत जास्त आणि जिभेवर कमी. म्हणून 'शिप' आणि 'शीप', 'फुल' आणि 'फूल' ही जोडी आपल्या तोंडून एकसारखी येते. यावर थोडा सराव करावा.

आता काय सोडून द्यायचं ते. 'थँक यू'तला आपला थ चालतो. 'द'सुद्धा चालतो. ट आणि ड आपण जीभ वळवून म्हणतो, त्यावरून माणूस भारतीय आहे एवढं कळतं, कळू द्या. आपला स्वच्छ र ब्रिटनमध्येही कळतो आणि अमेरिकेतही. 'वॉटर'चं 'वॉडर' करण्याचा खटाटोप तर मुळीच नको. पाणी मिळतं.

किती दिवसांत फरक पडेल?

वरच्या चार गोष्टींवर रोज थोडा वेळ दिला तर काही महिन्यांत ऐकणाऱ्याचं 'सॉरी?' कमी होतं. तिथल्या माणसासारखं हुबेहूब बोलणं मात्र मोठेपणी गेलेल्यांना क्वचितच साधतं. लहानपणी गेलेली मुलं सहज तसं बोलू लागतात. तेरा-चौदानंतर ते अवघड होत जातं. हुबेहूबपणाच्या मागे लागून दहा वर्षं घालवलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांचं इंग्रजी ऐकताना मला त्यांच्या म्हणण्यापेक्षा त्यांची धडपडच जास्त ऐकू येते.

मी काही ठरवलं नव्हतं, तरी माझं बोलणं बदललं. मी ढोंगी झालो का?

नाही हो. माणूस ज्यांच्यात राहतो त्यांच्याकडे त्याचं बोलणं सरकतं, आणि ते राजवाड्यातही घडतं. जोनाथन हॅरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राणी एलिझाबेथ दुसरी यांची १९५० च्या दशकातली आणि १९८० च्या दशकातली नाताळची भाषणं तपासली आणि २००० साली 'नेचर'मध्ये निष्कर्ष छापले. राणीचे स्वर या काळात सामान्य दक्षिण इंग्लिश लोकांच्या स्वरांकडे सरकले होते. राणीनं कुठे क्लास लावला असेल असं वाटत नाही.

उलट दिशेनंही होतं. चार्ल्स चँग या अभ्यासकानं २०१२ साली दाखवलं की कोरियात जाऊन कोरियन शिकू लागलेल्या अमेरिकन नवशिक्यांच्या स्वतःच्या इंग्रजीचे उच्चार काही आठवड्यांतच कोरियनच्या बाजूला सरकले. तेव्हा सुट्टीत घरी आल्यावर तुमची मराठी थोडी वेगळी लागली, तर तो तोरा असेलच असं नाही. जीभ अजून प्रवासात असते.

पण गावी गेलो की लोक हसतात. 'शिंगं फुटली' म्हणतात.

म्हणणारच. माझी मावशी व्हिडिओ कॉलवर सरळ म्हणाली, 'साहेबना गत बोलाले लागनी तू!' तिला माझ्या ट-ड शी देणंघेणं नव्हतं. दर वाक्यात 'अॅक्च्युअली' आणि 'बेसिकली' येत होतं, ते तिला खुपलं. हेलापेक्षा असले शब्दच लोकांना टोचतात, आणि ते टाळणं आपल्या हातात आहे. पहिले दोन दिवस बोलणं कमी आणि ऐकणं जास्त ठेवा. एस्टी स्टँडवर कुणी 'कवय उना भाऊ?' (कधी आलास?) विचारलं तर 'काल उनू' एवढं जरी आलं तरी माणूस खूश होतो.

यातली एक गंमत बाहेर राहणाऱ्यांना उशिरा कळते. तुम्ही गाव सोडलं त्या वर्षाची अहिराणी तुमच्याजवळ तशीच राहते. गावातली भाचरं मात्र इंग्लिश मीडियममध्ये जातात, आपसांत हिंदी-मराठी बोलतात, आणि त्यांचे आई-बापही 'पोरांशी शुद्ध बोला' म्हणून आजीला दटावतात. शेवटी घरातली सगळ्यात जुनी अहिराणी टोरांटोहून आलेल्या मामाच्या तोंडी असते आणि भाचा तोंडाकडे बघत राहतो. हसायचं कुणी कुणाला?

मी स्पष्ट बोलतो, तरी एक-दोन माणसं मुद्दाम न समजल्यासारखं करतात.

हे खरं असू शकतं. दोष प्रत्येक वेळी जिभेचा नसतो. जॉर्जिया विद्यापीठातल्या डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ साली विद्यार्थ्यांना एकाच अमेरिकन बाईच्या आवाजातलं लेक्चर ऐकवलं. एका गटाला सोबत गोऱ्या बाईचा फोटो दाखवला, दुसऱ्याला आशियाई बाईचा. आवाज तोच, तरी दुसऱ्या गटाला त्यात परकी ढब 'ऐकू' आली आणि लेक्चरही कमी समजलं. असा माणूस समोर आला तर तुम्ही कितीही झोत सोडा, उपयोग नाही.

ओळखायची खूण अशी: बाकीच्या पाच जणांना समजतं आणि सहाव्याला कधीच समजत नाही, तर अडचण सहाव्याकडे आहे. कामाचं असेल ते त्याला ईमेलवर कळवा, म्हणजे लेखी राहतं.

नोकरीत यावरून अन्याय झाला तर कायदा काही प्रमाणात बाजूला आहे. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाखाली राष्ट्रीय मुळावरून भेदभाव करता येत नाही, आणि हेलावरून केलेला भेदभाव त्यात येऊ शकतो. हेलामुळे त्या कामात खरोखर अडथळा येतो असं मालकाला दाखवावं लागतं. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात हेल हा वेगळा निकष नाही, पण वंश आणि राष्ट्रीय मूळ आहे, आणि हेलावरून होणारी छळवणूक त्याखाली मांडता येते. पुढे जायचं ठरवलं तर तारखा आणि नेमके शब्द लिहून ठेवा.

आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत भारतीय हेलाचे मार्क कापतात का?

नाही. स्पीकिंगची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते आणि चार गोष्टींना सारखं वजन असतं: ओघ, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार. उच्चारात बघतात ते स्पष्टपणा, जोर, चढउतार. ब्रिटिश सोंग आणलेला उमेदवार मध्येच अडखळतो आणि ओघाचे मार्क घालवतो. जळगावच्या क्लासमध्ये कुणी सोंग शिकवत असेल तर तिथून उठा.

नाव कुणालाच घेता येत नाही. छोटं करून टाकू?

तुमची मर्जी, पण घाई नको. आपली स्पेलिंगच अर्धी अडचण करतात. 'ज्ञानेश्वर' आपण डी-एन-वायनं लिहितो, मग तिकडचा माणूस 'डिन्या' इथेच अडकतो. त्याला पहिल्या भेटीत 'डी सोडून द्या' एवढं सांगितलं की गाडी पुढे जाते. 'वाघ'चं 'वॅग' होतं, 'पाटील'चं काहीही होतं. पहिल्याच दिवशी, हसून, दोनदा नाव सांगा. लिंक्डइनवर आपल्या आवाजात नाव नोंदवून ठेवता येतं, त्याचा उपयोग करा. लोकांना नाव घ्यायचं असतं, चुकण्याची लाज त्यांनाही वाटते.

आई-बाबा घरी ज्या नावानं हाक मारतात ते छोटं नाव ऑफिसात दिलं तर त्यात गैर काही नाही. ज्ञानेश्वरचा 'माऊली' होतो तसा 'नाना' होऊ द्या. पण 'डॅन' झालेल्या ज्ञानेश्वरला मी विचारलंच, हे कुणाच्या सोयीसाठी? त्याला उत्तर द्यायला वेळ लागला.

उच्चार ठीक आहेत, तरी मॅनेजर म्हणाली मी तुसडा बोलतो.

हा हेलाचा प्रश्नच नाही, तरी लोक तो हेलाच्या खात्यात टाकतात. मराठीत आदर क्रियापदात असतो. 'द्या', 'बसा', 'पाठवा' म्हटलं की झालं, वेगळं 'कृपया' लावलं तर उलट टोमणा वाटतो. इंग्रजी क्रियापदाला ही सोय नाही. आपण मनात 'फाइल पाठवा ना' म्हणतो आणि तोंडातून 'सेंड मी द फाइल' येतं, तो सरळ हुकूम होतो. त्यात आपण खान्देशी, बोलणं मुळात रोखठोक. तेव्हा 'कुड यू' आणि 'प्लीज' यांचा खर्च वाढवा. मायना गोड करायची ही त्यांची पद्धत आहे, वापरल्यानं आपण खोटे होत नाही.

मुलांशी कुठली भाषा बोलायची? ती तर घरातही इंग्रजीच बोलतात.

आजी ज्या भाषेत रागावते ती. आजी अहिराणी बोलत असेल तर अहिराणीच बोला. 'आधी शुद्ध मराठी पक्की होऊ दे' या नादात दोन्ही जातात. शाळा सुरू झाली की मुलं इंग्रजीवर उलटतात, हे सगळीकडेच होतं. तुम्ही तुमच्या भाषेत विचारत राहा, ती इंग्रजीत उत्तर देतील. कान तयार राहिला तरी पुढे जीभ वळवता येते.

मराठी लिहिणं-वाचणं शिकवायला अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेत (मंडळ १९८१ पासूनचं), लंडनमधलं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ चं. तिथे मुलांना मराठी मिळते, पण बहुतेक पुण्या-मुंबईच्या वळणाची. आखाजीची गाणी, कानबाईचे रोट, खापरावरचे मांडे हे घरीच द्यावं लागतं. भरीत करताना वांगी गॅसवर भाजली की घरातला धुराचा अलार्म बोंबलतो, हा आमच्याकडचा ठरलेला कार्यक्रम. पण टॉवेल हलवत उभ्या असलेल्या माझ्या पुतणीला 'हाव', 'नही' आणि 'ओ माय' त्याच गोंधळात आलं, कुठल्या पुस्तकातून नाही.

मला दोन माणसं झाल्यासारखं वाटतं. ऑफिसमधला मी खरा की घरातला?

तुम्ही शाळेत बाईंशी आणि शेतात सालदाराशी एकसारखं बोलत होता का? तेव्हा हा प्रश्न पडला नाही, कारण दोन्ही माणसं आपली वाटत होती. आता पडतो, कारण एका बाजूला अधिकार आहे आणि पगार आहे. थकवा मात्र खरा असतो. दिवसभर दुसऱ्या ठोक्यात बोलून जबडा आणि डोकं दोन्ही शिणतात, आणि आपला विनोद तिथे पोचत नाही याचं वाईट वाटतं. आठवड्यातून एकदा तरी, न सांभाळता बोलता येईल असं कुणीतरी हवं. ते खान्देशीच असावं असं नाही. माझी ती गरज बरीच वर्षं एका विदर्भातल्या मैत्रिणीनं भागवली. तिच्याकडेही ळचा य होतो.

अॅक्सेंटच्या क्लासला पैसे घालावेत का?

फोनवरचं काम असेल, शिकवायचं असेल, रुग्णांशी बोलायचं असेल तर घालावेत. नाहीतर आधी स्वतःचं पाच मिनिटांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून तिथल्याच एखाद्या सहकाऱ्याला ऐकवा आणि कुठे कुठे अडलं तेवढं विचारा. खुणा बहुतेक वर सांगितलेल्या चार जागांवरच पडतील. क्लास लावायचाच असेल तर शिकवणाऱ्याला पहिल्या दिवशी विचारा की शब्दावरचा जोर ते कसा शिकवतात. उत्तर नीट आलं तर फी भरा. 'आम्ही मदर टंग इन्फ्लुअन्स काढून टाकतो' अशी पाटी लावली असेल तर मात्र पुढच्या दुकानात जा.